पराचा कावळा

पराचा कावळा करू नये, असं आपण म्हणतो. एका बाईंनी मात्र जन्मभर तेच केलं आणि विमानातून जाणाऱ्यांवर उपकार करून ठेवले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजे असतात, तह असतात. अशी माणसं नसतात. म्हणून हे चार शब्द.

४ ऑक्टोबर १९६० ची संध्याकाळ. बोस्टनच्या लोगन विमानतळावरून ईस्टर्न एअर लाइन्सचं चार इंजिनांचं इलेक्ट्रा विमान उडालं आणि मिनिटभरात खाडीत कोसळलं. ७२ पैकी ६२ जण गेले. इंजिनांत पक्ष्यांचे अवशेष सापडले. पण पक्षी कोणता? अवशेष वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेले. तिथे १९४४ पासून रॉक्सी लेबोर्न काम करत होत्या, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरण्यात तरबेज. बाईंनी उत्तर दिलं : स्टार्लिंग.

स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. वजन जेमतेम ८० ग्रॅम, पण उडतो थव्याने. तो मूळचा अमेरिकेचा नव्हेच. १८९० मध्ये यूजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात साठेक पक्षी आणून सोडले. शेक्सपिअरच्या लेखनातले सगळे पक्षी अमेरिकेत असावेत म्हणून, अशी गोष्ट सांगतात. वर्गात रंगवून सांगायला झकास, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. असो.

इंजिनातून निघतो तो तेलकट, रक्ताळलेला चोथा. बाई तो साबणाच्या कोमट पाण्यात धूत, हवेच्या झोताने वाळवत. पिसाच्या बुडाशी जी मऊ लव असते तिचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यांवरच्या गाठींच्या ठेवणीवरून पक्ष्याचं कूळ कळतं. मग संग्रहालयातल्या लाखो पक्ष्यांच्या कातड्यांशी पीस ताडून बघायचं. हे शास्त्र बाईंनीच उभं केलं.

कोणी म्हणेल, माणसं गेली ती गेली, पक्ष्याचं नाव कळून काय होणार? सगळं त्यावरच तर आहे! नाव कळलं की वजन कळतं. केवढ्या पक्ष्याचा मारा इंजिनाने सोसायला हवा, हे त्यावरून ठरवता येतं. आणि तो तिथे का आला, तेही कळतं. कुरव पक्षी कचऱ्याच्या ढिगामागे येतो, रानहंस तळ्याकाठच्या आखूड गवतासाठी. आपल्याकडे घार येते ती मांसाच्या टाकाऊ तुकड्यांसाठी. नुसते फटाके वाजवून पाखरं उठतात आणि घटकाभराने परत बसतात. त्यांचं खाणं हलवलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी पक्षी ओळखला पाहिजे.

लेबोर्नबाई २००३ साली ९२ व्या वर्षी गेल्या. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांमुळे बंद पडली आणि वैमानिकाने ते हडसन नदीत उतरवलं. १५५ जण वाचले. अवशेष पुन्हा त्याच संग्रहालयात, बाईंच्या शिष्येकडे आले. पक्षी निघाले कॅनडा रानहंस. पिसांतल्या हायड्रोजनची तपासणी झाली, तेव्हा कळलं की ते शहरात कायम राहणारे नव्हेत, तर उत्तरेकडून, लॅब्राडोरच्या बाजूने आलेले पाहुणे होते. हा निष्कर्ष जूनमध्ये छापून आला. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या बागांतून आणि तळ्यांवरून हजाराहून अधिक रानहंस पकडून मारले गेले. ते सगळे तिथलेच रहिवासी होते.