व्हिडिओ गेम यंत्रे व पडद्याचे विभेदन

घरगुती व्हिडिओ गेम यंत्राला, म्हणजे कन्सोलला, बहुधा स्वतःचा पडदा नसतो. ते घरातील दूरचित्रवाणी संचास किंवा संगणकाच्या मॉनिटरला जोडावे लागते. पडद्यावरील चित्र ज्या आडव्या रेषांनी व बिंदूंनी बनते, त्यांच्या संख्येवरून चित्राचे विभेदन ठरते. यंत्राने पाठविलेल्या चित्राचे विभेदन व दर सेकंदास येणाऱ्या चित्रांची संख्या पडद्याला मान्य असेल, तरच खेळ नीट दिसतो. यंत्र एका देशात व संच दुसऱ्या देशाच्या प्रमाणानुसार तयार झालेला असल्यास दोहोंत मेळ कोणी घालावयाचा, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात दूरचित्रवाणीच्या प्रसारापासून वाहनांतील पडद्यांपर्यंतचे सर्व टप्पे अर्धशतकात येऊन गेल्याने हा इतिहास तेथे एकत्रितपणे पाहता येतो.

रेषाप्रमाण : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. त्यासाठी ६२५ रेषांचे प्रमाण स्वीकारण्यात आले. या पद्धतीत चित्राच्या एकाआड एक रेषा प्रथम व उरलेल्या नंतर काढल्या जातात. अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे, म्हणजे २५ पूर्ण चित्रे दाखविली जातात. ६२५ पैकी ५७६ रेषांतच प्रत्यक्ष चित्र असते. ५० हा आकडा प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाच्या कंप्रतेशी जुळणारा असून भारत व यूरोपात ही कंप्रता ५० हर्ट्झ आहे. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ असल्याने तेथे ५२५ रेषा व सेकंदाला सु. ६० अर्धचित्रे असे प्रमाण रूढ झाले. जपानने अमेरिकेचेच प्रमाण घेतले. पुढे घरगुती खेळांचा उद्योग मुख्यतः जपान व अमेरिका या दोन देशांत वाढल्यामुळे बहुसंख्य खेळ मुळात ६० च्या गतीसाठी लिहिले गेले. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी पाल ही पद्धती स्वीकारली, तेव्हाही ६२५ रेषा व ५० अर्धचित्रे हे मूळ माप कायम राहिले.

पिंपरी-चिंचवड परिसर : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) येथे मोठ्या प्रमाणावर कारखानदारी वाढली. कामगारांच्या निवासासाठी नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये, तर महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरील पुनःक्षेपण केंद्रामुळे १९७३ पासून मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. मासिक पगाराची नोकरी, नव्या वसाहती व प्रक्षेपणाची सोय या तिन्ही गोष्टी या पट्ट्यात जवळपास एकाच काळात आल्या. पुढे व्हिडिओ गेम यंत्रे आली ती घराघरांतील याच ६२५ रेषांच्या संचांना जोडली गेली.

ऋण किरण नलिकेचा काळ : निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली विक्रीस आले. त्याचे चित्र २५६ × २४० बिंदूंचे होते. अमेरिकी प्रमाणाच्या संचावर ते जवळजवळ पूर्ण पडदा व्यापी. भारतीय संचावर प्रत्येक अर्धचित्रात सु. २८८ रेषांची जागा असल्याने वर व खाली काळ्या पट्ट्या उरत. याहून मोठा फरक गतीचा होता. त्या काळच्या बहुतेक खेळांत पात्रांची हालचाल व संगीताची लय अर्धचित्रांच्या मोजणीवर चालत असे. ६० ऐवजी ५० अर्धचित्रे मिळाल्यास खेळाची गती पाच-षष्ठांश होई, म्हणजे तो सु. १७ टक्क्यांनी मंदावे.

भारतात १९९० च्या दशकात मूळ यंत्रांपेक्षा त्यांच्या धर्तीची स्वस्त यंत्रे अधिक पसरली. ‘समुराई’ या नावाने विकले जाणारे यंत्र याच घराण्यातील होते. अशा यंत्रांसाठी तैवानमध्ये खास मंडले बनविण्यात आली. निन्टेन्डोने यूरोपसाठी काढलेल्या यंत्रात प्रक्रियकाची गती व चित्ररेषा यांचे गुणोत्तर बदललेले असल्याने काही जपानी कॅसेटींचे चित्र त्यावर विस्कटत असे. तैवानी मंडलात प्रक्रियकाची गती सु. १.७७ मेगॅहर्ट्झ, म्हणजे जपानी यंत्राच्या १.७९ च्या अगदी जवळ ठेवली होती आणि ३१२ रेषांचा हिशेब पुरा करण्यासाठी चित्राखाली रिकाम्या रेषांची भर घातली होती. त्यामुळे जपानी कॅसेट पाल संचावर न विस्कटता चालू शके. गती मात्र ५० चीच राहिली. मूळ खेळ ज्यांनी पाहिला नव्हता, त्या मुलांना ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ या खेळांची हीच चाल स्वाभाविक वाटली. मानकातील फरकाचा परिणाम वापरणाऱ्याच्या लक्षातही न यावा, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ही यंत्रे संचाच्या अँटेनाच्या खाचेत किंवा लाल, पांढऱ्या व पिवळ्या पिनांच्या तारेने जोडत. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक मालाची बाजारपेठ अशा तारा, जोडण्या व दुरुस्तीचे सुटे भाग पुरविणारी म्हणून परिचित आहे. ऋण किरण नलिकेत बिंदूंची जागा कायमची ठरलेली नसते. इलेक्ट्रॉन शलाका थोड्या कमीअधिक रेषाही काढू शकते. त्यामुळे नंतरचे अनेक रंगीत संच ५० व ६० अशा दोन्ही गती स्वीकारू लागले. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टच्या यूरोपीय आवृत्तीत (१९९९) अनेक खेळांच्या प्रारंभी ५० की ६० अशी निवड करण्याची सोय होती.

सपाट पडदे : द्रव स्फटिक पडद्यावर बिंदूंची संख्या निर्मितीच्या वेळीच कायम होते. आलेले चित्र त्याहून लहान वा मोठे असेल, तर संचातील मंडलाला बिंदूंची नव्याने वाटणी करावी लागते. भारतात ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या असंख्य संचांचा पडदा १३६६ × ७६८ बिंदूंचा असे. हे माप प्रक्षेपणाच्या कोणत्याही मानकात नाही; संगणकाच्या १०२४ × ७६८ या मापाची उंची तशीच ठेवून रुंदी वाढविल्याने ते तयार झाले. खेळयंत्रातून येणारे चित्र मात्र १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० बिंदूंचे असते. ७२० रेषा ७६८ वर पसरताना पूर्णांकी गुणोत्तर मिळत नाही. परिणामी अक्षरांच्या कडा पुसट होतात. शिवाय जुन्या सवयीने काही संच चित्राच्या कडा कापत, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातील गुणसंख्या दिसत नसे.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये, तर सोनीचे प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात विक्रीस आले. यांपैकी पहिल्याला संगणकाचा मॉनिटर जोडता येई व १३६० × ७६८ हे मापही निवडता येई. दुसऱ्यात ही सोय नव्हती. त्या वेळी बहुसंख्य घरांत ऋण किरण नलिकेचेच संच होते आणि नवे खेळ सपाट पडद्यासाठी लिहिलेले होते. ‘डेड रायझिंग’ (२००६) या खेळातील बारीक अक्षरे जुन्या संचांवर वाचता येत नसल्याची तक्रार जगभर झाली. खेळ विकत घेण्यापेक्षा संच बदलण्याचा खर्च कितीतरी अधिक होता आणि तो ग्राहकावरच पडला.

केबल दूरचित्रवाणीच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचाही समावेश होता. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तथापि साध्या सेट टॉप बॉक्समधून ५७६ रेषांचेच चित्र येत राहिले. त्यामुळे नव्या पडद्याची पूर्ण क्षमता वापरणाऱ्या घरातील मोजक्या साधनांत खेळयंत्राची गणना होऊ लागली.

मेळाची आधुनिक पद्धती : एचडीएमआय तारेने जोडलेला पडदा आपण कोणती विभेदने व कोणत्या गती स्वीकारतो, याची यादी यंत्रास कळवितो. ही यादी पडद्यातील स्मृतिमंडलात साठविलेली असते. संगणकाच्या मॉनिटरसाठी १९९४ मध्ये निश्चित झालेल्या पद्धतीतून ती आली असून तिचा मूळ गट अवघ्या १२८ बाइटांचा आहे. मेळ घालण्याचे काम अशा रीतीने ग्राहकाकडून यंत्रांकडे गेले. तरीही यंत्राला जे विभेदन पाठविताच येत नाही, ते पडद्याच्या यादीत असून उपयोग होत नाही. २५६० × १४४० बिंदूंचे मॉनिटर संगणकावर खेळणाऱ्यांत लोकप्रिय झाले. पण दूरचित्रवाणी संचांत हे माप नसल्याने खेळयंत्रांनी त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. एक्सबॉक्स वन मालिकेतील यंत्रांना ही सोय २०१८ मध्ये मिळाली. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन ५ ला ती सप्टेंबर २०२२ मध्ये, तर याच मापावर बदलत्या गतीने चित्र दाखविण्याची सोय मार्च २०२३ मध्ये प्राप्त झाली. तोवर अशा मॉनिटरवर १०८० रेषांचे चित्र ताणून पाहावे लागे. निन्टेन्डोच्या स्विच २ (२०२५) मध्ये १०८०, १४४० व २१६० रेषांची चित्रे बाहेरच्या पडद्यावर पाठविता येतात.

तारेतून जाणारे विभेदन व खेळ प्रत्यक्ष ज्या विभेदनात रेखाटला जातो ते विभेदन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हेलो ३’ (२००७) हा खेळ ११५२ × ६४० बिंदूंवर रेखाटून नंतर मोठा केला जाई. त्यामुळे वेष्टनावरील मोठा आकडा म्हणजे तितक्याच तपशिलाची हमी नव्हे. प्रत्येक यंत्राची शक्ती पाहून हे प्रमाण ठरविणे, हे खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्यांचे महत्त्वाचे काम असते. पुण्यातील गेमलॉफ्टचा स्टुडिओ यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये घेतल्यानंतर अशी कामे पुण्यात होऊ लागली. ‘जस्ट डान्स’ या मालिकेच्या निर्मितीत या स्टुडिओचा सहभाग आहे.

उद्योग : चाकणला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे एलजी कंपनीने २००४ मध्ये कारखाना उभारला, तेथे दूरचित्रवाणी संचही तयार होतात. चाकण येथे वाहनांसाठी ध्वनी व दृश्य सामग्री बनविणारा हरमन कंपनीचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला. चाकणच्या महिंद्र कारखान्यात तयार होणाऱ्या एक्सईव्ही ९ई या विद्युत् मोटारीत १२.३ इंची तीन पडदे शेजारीशेजारी बसविलेले असतात. मोटारीत पडदा व त्याला चित्र पुरविणारे मंडल यांची सांगड कारखान्यातच घातली जाते. ग्राहकाला काहीच जुळवावे लागत नाही. खेळयंत्राचा कर्ता व संचाचा कर्ता वेगळे असल्याने तेथे मानकाचे महत्त्व अधिक आहे.

संचांची जुळणी या परिसरात होत असली, तरी त्यांतील द्रव स्फटिक पटले मुख्यतः आयात केली जातात आणि पटलाचे विभेदन ती बनविणाऱ्या देशातच ठरते. १९५९ मध्ये रेषाप्रमाणाची निवड निदान भारतात झाली होती. १३६६ × ७६८ या मापाची तशी निवड येथे कोणीही केली नाही. ५० व ६० यांतील जुना भेद आता बहुतांशी मिटला असून भारतात विकली जाणारी यंत्रे व संच ६०, तर काही १२० ची गतीही स्वीकारतात. ऋण किरण नलिकेचे संच मात्र भंगारात गेल्याने १९९० च्या दशकातील खेळ त्यांच्या मूळ पडद्यावर, काळ्या पट्ट्यांसह व मंद गतीने पाहण्याची सोय या परिसरात दुर्मिळ होत चालली आहे. एका पिढीने हे खेळ कसे पाहिले हे पुढे कळावयाचे असेल, तर यंत्र व कॅसेटीबरोबर ६२५ रेषांचा संचही जतन करणे आवश्यक ठरते.