आरामखुर्ची : जुनी की नवी?

काही दिवसांपूर्वी एका कुटुंबाला भेटण्यासाठी ओझरला जाण्याचा योग आला. कुकडीच्या काठावरचे हे गाव अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर येथील मंदिरावर सोन्याचा कळस चढविला, असे परंपरा सांगते. समुद्रकाठच्या घडामोडींचे पडसाद सह्याद्री ओलांडून येथवर पोहोचत आले आहेत, याची ती खूणच होय.

ज्या घरी गेलो, तेथील पडवीत आजोबांची सागवानी आरामखुर्ची धूळ खात पडली होती. वेत फाटलेला, एक हात सैल झालेला. मुलाच्या मते ती विकून टाकावी व नवी, मऊ, मागे रेलणारी खुर्ची आणावी. सुनेच्या मते जुनीच दुरुस्त करावी. ‘फादर, आता तुम्हीच काय ते सांगा,’ असे म्हणून दोघांनी निवाडा माझ्यावर सोपविला. खुर्च्यांचे न्यायशास्त्र सेमिनरीत शिकवीत नाहीत. म्हणून मी इतिहासाचा आधार घेतला.

‘खुर्ची’ हा शब्दच मुळी परका. अरबी ‘कुर्सी’ फारसीच्या वाटेने मराठीत आली. जुन्या करारात सिंहासनासाठी येणारा हिब्रू ‘किस्से’ हा शब्द तिच्याच गोत्रातला. गोव्याच्या कोंकणीत खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात. ते पोर्तुगीज ‘कादेइरा’चे रूप, आणि त्याचे मूळ ‘कॅथेड्रा’ या ग्रीक-लॅटिन शब्दात आहे. महागुरूंचे आसन जेथे असते, ते कॅथिड्रल! म्हणजे पडवीतली कदेल आणि कॅथिड्रल ही एकाच घरची भावंडे ठरतात. कोणत्याही भाषेतून शोध घ्या, खुर्चीच्या मुळाशी अधिकार आढळतो. आराम तिला पुढे चिकटला.

आपल्याकडची बैठक जमिनीवरची. गादी, लोड, तक्के हाच सदरेचा थाट. १७९० साली पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव पेशवे आणि इंग्रजांचे वकील मॅलेट यांच्यात तह झाला. थॉमस डॅनियल या चित्रकाराने पुढे रंगविलेल्या त्या प्रसंगात इंग्रज पाहुणेही बैठकीवरच बसलेले दिसतात. राज्य बदलले आणि पारडे फिरले. साहेब खुर्चीवर बसू लागला व रयत त्याच्यासमोर उभी राहू लागली. ज्यांना साहेबापुढे खुर्चीवर बसण्याची मुभा मिळे, ते ‘कुर्सीनशीन’ म्हणून मिरवीत. नुसते बसायला मिळणे ही पदवी झाली!

याच काळात लांब हातांची आरामखुर्ची बंगल्यांच्या व्हरांड्यांत स्थिरावली. बसणाऱ्याने मागे रेलावे आणि पुढे काढलेल्या हातांवर पाय पसरावेत, अशी तिची घडण. वेताच्या विणीतून वारा खेळतो, म्हणून आपल्या हवेला ती मानवली. गोव्यातील जुन्या घरांत तिला ‘व्होल्तेर’ म्हणतात. चर्चवर आयुष्यभर कोरडे ओढणारा फ्रेंच लेखक व्होल्तेर (१६९४–१७७८) याचे नाव भाविक कॅथलिक घरांच्या बाल्कांवांत सुखाने नांदावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. मात्र त्या खुर्चीत पाय पसरणारा बहुधा घरधनी असे. पंखा ओढणारा, पाणी आणून देणारी, शेतावरून आलेला कूळ ही माणसे तिच्याभोवती उभीच असत.

आता नवेपणाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या नावाने एक सुटी होणारी खुर्ची प्रसिद्धीस आली. चार पाय, काही दांडे, कापड वा चामडे. सारे मोकळे करून बांधून न्यावे. डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांनी १९३३ साली तिच्याच धर्तीवर ‘सफारी’ खुर्ची घडविली व ती आधुनिक म्हणून नावाजली गेली. पिएर जानरे या वास्तुकाराने १९२८ साली ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांच्यासह पोलादी नळ्यांचे आरामासन रेखाटले. तेच जानरे १९५१ ते १९६५ या काळात चंदीगडला राहिले आणि तेथील कार्यालयांसाठी त्यांनी सागवान व वेताच्या साध्या खुर्च्या करविल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या स्वस्तात उचलल्या, आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत एकेकीला लाखो रुपये मिळू लागले. अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीस मनाई करावी लागली. ज्यांच्या पाठीला त्या रोज आधार देत होत्या, त्यांना त्यांची किंमत उमगली नाही.

तात्पर्य, जुने आणि नवे यांत वैर नाही. परीक्षा घडणीची करावी. सांधे लाकडात लाकूड बसवून केले आहेत की नुसते खिळे ठोकले आहेत, हे पाहावे. बसून थोडे हलून बघावे. खुर्ची डुलली तर कारण शोधावे. खालून वाळवीची माती किंवा किड्यांचा भुगा दिसतो का, ते तपासावे. वेत नुसता सैल झाला असेल तर खालून ओला करून वाळू दिल्यास तो बराचसा ताणला जातो. तुटला असेल तर पुन्हा विणून घेता येतो. नव्या गुबगुबीत खुर्चीतला फोम मात्र काही वर्षांत दबतो. तो बदलता येईल आणि खोळ काढून धुता येईल, अशीच निवडावी. फार खोल व बुटक्या आसनातून वृद्धांना उठता येत नाही. पाय जमिनीला टेकावेत आणि उठताना हातांना भक्कम आधार मिळावा, ही खरी कसोटी.

हे सारे बोलणे चालू असताना घरातील आजी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी विचारले, ‘आजी, तुम्हाला कोणती हवी?’ त्या संकोचून म्हणाल्या, ‘मला काय करायचीय, फादर? ती तर ह्यांची होती.’ मग कळले की, एवढ्या वर्षांच्या संसारात त्या खुर्चीत त्या एकदाही बसल्या नव्हत्या. ती रोज पुसत मात्र त्याच असत.

दिवसभर उभे राहून राबणाऱ्या दुकानांतील स्त्रियांना बसण्याचा हक्क मिळावा, म्हणून केरळने २०१८ साली व तमिळनाडूने २०२१ साली कायदा केला. आपल्या घरात त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

मी निवाडा दिला नाही. पण परवा त्या सूनबाई मिस्सानंतर भेटल्या. सुताराने हात घट्ट करून दिला आहे, वेत विणायला टाकला आहे आणि आसनाची उंची आजींच्या गुडघ्याच्या मापाने ठेवायला सांगितली आहे, असे त्या म्हणाल्या.