एकसष्टाचें कोडें

४ चा वर्ग १६. त्यास ६० नीं गुणून एक मिळविला म्हणजे ९६१ होतात, आणि हा पुन्हां ३१ चा वर्ग निघतो. साठाच्या जागीं ६२ घेतल्यास ८ आणि ६३ ही जोडी तेंच काम करते. आतां मधल्या ६१ ला अशी जोडी अंदाजानें शोधूं गेल्यास वही संपेल, पण जोडी सांपडणार नाहीं. कारण शून्य वगळतां सर्वांत लहान जोडी २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही आहे. आंकडे कानानें धरणें कठीण; ज्यांच्याजवळ पाटी असेल त्यांनीं मांडून घ्यावे.

यांतील दुसरी संख्या मोठी चमत्कारिक आहे. तिच्यांतून एक वजा केल्यास २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट उरते. तींत एक मिळविल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. हा योगायोग नव्हे, रीतीचा परिणाम आहे. भास्कराचार्यांनीं 'बीजगणित' या आपल्या ग्रंथांत इ. स. ११५० मध्यें ६१ चें हेंच उदाहरण सोडविलें. ते ८ पासून निघाले, कारण ६४ हा ६१ हून अवघ्या तिहींनीं अधिक. 'चक्रवाल' रीतीचा एक फेरा होतांच ३९ आणि ५ हातीं आले: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर चाराचें. येथें त्यांनीं ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ मधली, 'भावना' योजिली. जवळपासचीं दोन उत्तरें एकमेकांत गुंफून तिसरें काढावयाचें, ही ती युक्ति. तिनें २९,७१८ व ३,८०५ आले. येथें अंतर एकाचेंच, पण उलट बाजूचें. तीच जोडी स्वतःशीं गुंफितांच कोडें सुटलें. पावलें किती थोडीं, आणि मजल केवढी!

पुढें इ. स. १६५७ मध्यें फ्रान्सच्या फर्मानें हेंच ६१ चें कोडें समकालीन गणित्यांपुढें टाकलें. इंग्लंडांत ब्राउंकरनें रीत शोधून काढली. ऑयलरनें मात्र समीकरणास नांव दिलें पेल याचें, ज्याचा संबंध नांवापुरताच! तथापि आपणहि हिशेब चोख ठेवावा. चक्र नेहमीं थांबतेंच, याची सिद्धता भास्कराचार्यांनीं दिलेली नाहीं. अशा समीकरणास उत्तर नेहमीं असतेंच, याची सिद्धता अठराव्या शतकांत लाग्रांजनें दिली. चक्रवाल रीतहि त्यांच्यापूर्वीं जयदेवास अवगत होती. त्याचे श्लोक उदयदिवाकरानें इ. स. १०७३ मध्यें उतरून ठेविले.

ही विद्या टिकावी म्हणून कोणी तरी झटलें होतें, याचा दाखला खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. लेखाच्या अखेरीस, जुन्या मराठींत, मठास लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील येतो. दर तेलघाण्यामागें पळीभर तेल, ही त्यांतील एक बाब.