थंड
विशेषण, मूळ अर्थ उष्णता कमी असलेला. पण मराठीत तापमान हा या शब्दाचा एक कोपराच. डोके थंड ठेवावे, प्रतिसाद थंड मिळतो, बाजार थंडावतो, भांडणारा थंड होतो. घरगुती वैद्यकात तर थर्मामीटरला कोणी विचारतच नाही: सब्जा, गुलकंद थंड, पपई उष्ण, फ्रीजमधून काढली तरी. ‘गार’ जवळचा शब्द, मात्र ‘गार पडणे’त मरणाचीही छटा येते.

नाशिकजवळच्या एकलहरे केंद्रासारख्या औष्णिक वीजनिर्मितीत मात्र ‘थंड’ म्हणजे तापमानच; तिथे ‘कोल्ड स्टार्ट’ काटेकोर अर्थाने वापरतात: दीर्घकाळ बंद राहून टर्बाइन निवलेला संच पुन्हा सुरू करणे. जाड धातू एकदम तापला तर त्यावर ताण येतो, म्हणून वाफ बेताबेताने सोडतात. त्यात कित्येक तास जातात.