देवस्थानांच्या सभामंडपातील गानसेवा आणि गोमंतकन्या

देवस्थानच्या महाजनांची नोंदवही, जिला आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीपासून ‘कातालोग’ म्हणण्याची चाल पडली, ती केवळ नावांची यादी नव्हे. तीत आपल्या घराण्यांचा अधिकार आहे, मान आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे सातत्य आहे. १९३३ साली सरकारने महाजनकीची नियमावली कायद्याने ठरवून दिली आणि या नोंदीस सरकारी शिक्कामोर्तब लाभले. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य कचेरीतील दप्तरे सांभाळण्यात गेल्यामुळे, कोणतीही वही हाती आली की तीत काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिलेले नाही हेही पाहण्याची सवय जडली आहे. या दृष्टीने पाहता महाजनांच्या वहीत एक उणीव प्रकर्षाने जाणवते. देवळाचा लौकिक ज्यांनी गोमंतकाबाहेर, किंबहुना हिंदुस्थानाबाहेर नेला, त्या स्त्रियांना या वहीत जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या महाजन नव्हत्या; त्या सेवेकरी होत्या.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे आपली दैवते नदी ओलांडून अंत्रुज महालात आली, हा इतिहास प्रत्येक महाजन घराण्यात मुलांना लहानपणीच सांगितला जातो. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. देवाबरोबर पुजारी आले, कुळावी आले, हे आपण सांगतो. परंतु नव्या ठिकाणी देवळाचा संसार उभा राहिला तो केवळ त्यांच्या बळावर नव्हे. वाजंत्री, देवळी, भाविणी, कलावंत, माळी, मडवळ अशा अनेकांच्या सेवेवर तो चालला. या सेवेच्या मोबदल्यात देवस्थानच्या जमिनींपैकी काही भाग त्यांच्या निर्वाहाकरिता लावून दिलेला असे. कलावंत स्त्रीने पालखीपुढे गावे, उत्सवात सभामंडपाच्या चौकात उभे राहून गाणे व नृत्य सादर करावे, असा तिचा नेम होता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह स्मरणिकांच्या लेखकांस अनावर होतो. तो येथे आवरणे बरे. ज्या मुलीचा ‘शेंस’ विधी होई तिला गृहस्थाश्रम वर्ज्य झाला. तिच्या गळ्यातील गुण ही देणगी होती, पण सेवा हा जन्माने आलेला बांध होता. सभामंडपात तिचे गाणे ऐकून मान डोलावणारे गृहस्थ तिला आपल्या घरच्या मंगलकार्यात पंक्तीस बसवीत नसत. गायनकला तिच्यापाशी टिकली हे खरे. पण तिने त्यासाठी काय मोजले याचा जमाखर्च कोणत्याही देवस्थानच्या किर्दीत मांडलेला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा बांध सैल होऊ लागला. मुंबईत धनिकांचा आश्रय होता, मोठमोठे उस्ताद तेथे येऊन राहत होते, संगीत नाटक मंडळ्या गावोगाव हिंडत होत्या. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले व गोमंतकातील हिंदूंना थोडा मोकळा श्वास घेता आला. शिक्षणाची हवा समाजाच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचू लागली. अशा काळात सांगे महालातील कुर्डी गावी १५ जुलै १९०४ रोजी मोगूबाईंचा जन्म झाला.

मोगूबाईंच्या मातोश्री जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या होत्या. मुलीच्या गळ्याची पारख त्यांना लवकर झाली आणि त्यांनी तिला जांबावलीच्या देवळात एका हरिदासांकडे भजने शिकावयास नेले. पुढे ती चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत दाखल झाली. पारोड्याच्या डोंगरावरील आपल्या दैवताचे नाव एका नाटक मंडळीने घ्यावे आणि कुर्डीच्या पोरीने त्या मंडळीत आपले पहिले धडे गिरवावे, यात त्या काळच्या देऊळ आणि रंगभूमी यांच्या नात्याचे सारे सार आले. १९१४ साली जयश्रीबाई निवर्तल्या. मुलगी अवघी दहा वर्षांची होती. त्यानंतर सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिने भूमिका केल्या. नाटकातील पदांना टाळ्या पडत होत्या, पण मंडळीचे आयुष्य अस्थिर, आणि पाठीशी कोणी नाही.

१९१९ च्या सुमारास मोगूबाई सांगलीस होत्या. जयपूर घराण्याचे अध्वर्यू खाँसाहेब अल्लादिया खाँ त्याच सुमारास उपचारांसाठी तेथे आले होते. जाता-येता या मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला तालीम द्यावयास प्रारंभ केला. ज्यांच्या तालमीसाठी धनवंतांनी थैल्या मोकळ्या कराव्या, त्या उस्तादांनी एका पोरक्या मुलीच्या बिऱ्हाडी जाऊन शिकवावे, ही गोष्ट आजही वाचताना नवल वाटते. खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा मोगूबाईही १९२२ साली त्यांच्यामागोमाग मुंबईस गेल्या.

परंतु तेथे सरळ मार्ग लाभला नाही. इतर शिष्यांच्या आश्रयदात्यांचे आक्षेप आड आले. तालीम कधी खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे, मध्यंतरी आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँ यांच्याकडे, अशी खंडत, जोडत चालली. १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला, म्हणजे सांगलीच्या पहिल्या धड्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी. एवढा काळ एका स्त्रीने, पैशाचे पाठबळ नसताना, तोच एक ध्यास धरून राहावे याला चिकाटी हा शब्द थिटा पडतो. १९३९ साली यजमानांचे निधन झाले आणि तीन मुलांचा भार एकटीवर आला. मैफलींच्या बिदागीवर त्यांनी तो निभावला. गाणाऱ्या स्त्रीस त्या काळी प्रवासात, मुक्कामात कशी वागणूक मिळे हे त्यांच्या ज्येष्ठ कन्या किशोरीताई आमोणकर यांनी पुढे अनेकदा बोलून दाखविले आहे, आणि किशोरीताईंच्या मैफलीतील करड्या शिस्तीचे मूळ त्या आठवणींत होते असे आम्हांस वाटते. मोगूबाईंना १९६८ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक व १९७४ साली पद्मभूषण मिळाले. कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशी शिष्यपरंपरा त्यांनी उभी केली. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या निवर्तल्या.

केसरबाई केरकरांचा स्वभाव व प्रवास दोन्ही निराळे. अंत्रुजातील केरी गावी, श्रीविजयादुर्गेच्या सान्निध्यात, १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा गुणीजनांकडे धडे घेऊनही समाधान होईना. १९२१ पासून अल्लादिया खाँ यांची तालीम सुरू झाली ती १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत. पंचवीस वर्षे एका गुरूच्या हाताखाली, तेही नाव दुमदुमू लागल्यावरही! आजच्या तरुण गायकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

केसरबाई मानी होत्या. आपल्या गाण्याचे मोल त्या स्वतः ठरवीत आणि ते कमी करीत नसत. यावरून त्यांच्यावर टीका झाली. पण ज्या स्त्रियांच्या गाण्याचे मोल शतकानुशतके इतरांनीच ठरविले, त्यांच्यातील एकीने ‘माझे मोल हे’ असे बजावावे, यात आम्हांस गर्व दिसत नाही. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९६९ साली पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्यगायिकेचा मान, आणि ‘सूरश्री’ ही पदवी तर नावाचाच भाग झाली. गळा पूर्वीसारखा राहिला नाही असे वाटताच साठीच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली आपण होऊन थांबविल्या.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीवरील ध्वनींची एक सोनेरी तबकडी बसविलेली आहे. तीत जगभरातून निवडलेल्या संगीताच्या सत्तावीस नमुन्यांपैकी भारतातील एकच आहे आणि तो केसरबाईंच्या भैरवीचा. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंनी देह ठेवला. २०१२ साली त्यांतील एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून गेले. केरीत त्यांच्या नावे विद्यालय आहे, आणि कला अकादमीने त्यांच्या नावाने संगीत समारोह चालविला, ही समाधानाची बाब होय.

या दोघींच्या आधी पेडणे महालातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर होऊन गेल्या. जन्म १८८३. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्या त्या शिष्या. ऐन भरात असताना त्यांनी मैफली सोडल्या व विद्यादान आरंभले. कुमार गंधर्व आणि किशोरीताई यांनी त्यांच्याकडून घेतले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे तर १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच कराव्या या रिवाजास मराठी रंगभूमीवर मोठा धक्का बसला. आणि श्रीमंगेशाच्या सभामंडपात सेवा करणाऱ्या येसूबाईंचे चिरंजीव दीनानाथ यांनी ‘मंगेशकर’ हे नाव धारण केले. त्यांच्या कन्या लताबाईंमुळे ते नाव कोठवर गेले हे येथे सांगावयास नको. गोमंतकाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या सुधाताई जोशी, मित्रा बीर आदी स्त्रियांचा विषय एवढा मोठा आहे की त्यास स्वतंत्र लेख हवा. तो येथे ओझरता उरकणे अन्यायाचे होईल.

केरकर, कुर्डीकर, मालपेकर, मंगेशकर. महाजन घराण्यांच्या आडनावांतही गाव असते, पण तेथे ते वारसाने, जमिनीने, वहीतील नोंदीने आलेले असते. या स्त्रियांना गावाकडून वारसा म्हणून फारसे काही मिळाले नव्हते. तरी त्यांनी गावाचे नाव टाकले नाही. राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी याच समाजातून पुढे येऊन शिक्षण व विवाह यांचा पुरस्कार केला, गोमंतक मराठा समाजाची उभारणी झाली आणि पुढील पिढ्यांतून डॉक्टर, वकील, शिक्षक निपजले. पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र ज्या महाजनांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे. त्यात आपल्या देवळांविषयी काही कडू मजकूर आहे. तो खोटा नाही.

देवस्थानच्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे रकमेसह छापली जातात, माजी अध्यक्ष, मुखत्यार व खजिनदार यांची छायाचित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. त्याच पानांत, ज्या देवळात ज्या कलावंत स्त्रियांनी गानसेवा केली त्यांची नावे, मिळतील तेवढी, गोळा करून छापावी अशी आमची महाजन मंडळास नम्र सूचना आहे. जुनी किर्द, जमिनींचे कागद आणि वयोवृद्धांच्या आठवणी हाताशी आहेत तोवर हे काम होऊ शकते. दर पावसाळ्यात वाळवी आपले काम करीतच असते.

कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील महादेवाचे प्राचीन देऊळ दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले, गावकरी वाडे व वालकिणी येथे वसविले गेले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की गावाची जमीन उघडी पडते, जुन्या घरांची जोती दिसू लागतात, आणि पांगलेले कुर्डीकर सोमेश्वरापाशी जमतात. माहीतगार माणसे मोगूबाईंच्या घराची जागा दाखवितात. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी पुन्हा चढते.