अ‍ॅलनचें विटांचें घर

ज्याचें नांव वास्तूस लाभलें, त्यानेंच ती उभारली असावी, असें मनुष्य सहजच समजतो. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत, जेम्स नदीच्या दक्षिणेस, सरी परगण्यांत ‘बेकन्स कॅसल’, म्हणजे बेकनचा किल्ला, या नांवाचें एक जुनें घर आहे. परंतु तो किल्ला नव्हे. आणि बेकननें तो बांधलाही नाहीं. या घराची खरी हकीकत आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करतों.

आर्थर अ‍ॅलन हा इंग्लंडांतून व्हर्जिनियांत आलेला आरंभींचा वसाहतकरी. त्यानें हें घर १६६५ मध्यें बांधिलें. तुळयांच्या लाकडांतील वार्षिक वलयें मोजून हें साल निश्चित करण्यांत आलें आहे. त्या काळीं वसाहतकऱ्यांचीं घरें बहुधा लाकडाचीं असत. खांब जमिनींत पुरीत, आणि ते कांहीं वर्षांत कुजून जात. अशा मुलुखांत विटांचें घर बांधणें म्हणजे येथें पिढ्यान्‌पिढ्या राहण्याचा निश्चय बोलून दाखविणेंच होय.

घराची घडण पाहण्यासारखी आहे. त्याचा पाया क्रुसाच्या आकाराचा आहे. मात्र हा आकार भक्तीसाठीं नव्हे, सोयीसाठीं. पुढें आलेल्या मनोऱ्यांत देवडी आहे, त्यामुळें परका मनुष्य एकदम घरच्या दिवाणखान्यांत शिरत नसे. मागील मनोऱ्यांत जिना आहे, त्यामुळें खोल्यांतील जागा अडत नाहीं. भिंतींत एक थर विटांच्या लांबीचा, तर त्यावरील थर विटांच्या तोंडांचा, अशी मजबूत बांधणी आहे. दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींच्या कडा सरळ न ठेवतां बांकदार व पायऱ्यापायऱ्यांच्या केल्या आहेत. त्यांवर तीन-तीन धुराडीं तिरपीं उभीं आहेत. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या काळांतील ही शैली होय. या शैलीचीं दुसरीं दोन थोर घरें बार्बाडोस बेटांत आहेत.

अ‍ॅलन १६६९ मध्यें वारला. त्याचा पुत्र, तोही आर्थरच, गव्हर्नर बर्कली याचा पक्षपाती होता. १६७६ मध्यें नॅथॅनियल बेकन यानें गव्हर्नराविरुद्ध बंड केलें, तेव्हां सुमारें सत्तर बंडखोरांनीं हें घर बळकाविलें, आणि कित्येक आठवडे तेथें तळ देऊन धन्याचीं गुरेंढोरें व धान्य फस्त केलें. खुद्द बेकन तेथें राहिल्याचा पुरावा नाहीं. तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अन्यत्र मरण पावला. दीर्घ काळ लोक या वास्तूस ‘अ‍ॅलनचें विटांचें घर’ म्हणत असत. पुढें बंडाची आठवण बलवत्तर ठरली, व बांधणाऱ्याचें नांव मागें पडलें.

परंतु अ‍ॅलनचें नांव निदान कागदोपत्रीं तरी टिकलें. त्या प्रांतांतील तंबाखूची संपत्ति बांधील चाकरांच्या व आफ्रिकेंतून आणिलेल्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. या आवारांत १८२९ मध्यें बांधलेलें गुलामांचें एक राहतें घर अद्यापि उभें आहे. व्हर्जिनियांतील प्राचीन वास्तूंचें जतन करणाऱ्या संस्थेनें १९७३ मध्यें ही जागा विकत घेतली, आणि आज प्रेक्षकांस हीं दोन्ही घरें पाहतां येतात. थोरल्या घराच्या धुराड्यांकडे पाहणाऱ्यानें त्या लहान घराच्या उंबऱ्याशींही क्षणभर थांबावें, एवढीच आमची विनंति आहे.