मेडोज टेलरची ‘सीता’ : इंग्रजी प्रणयकादंबरीतील एका रूढीचा इतिहास

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानाच्या पार्श्वभूमीवर ज्या प्रणयकथा इंग्रजांनी लिहिल्या, त्यांत गोऱ्या पुरुषाचे हिंदी स्त्रीवर प्रेम जडल्याच्या कथा बऱ्याच आहेत. त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या असता एक गोष्ट ध्यानात येते. प्रेम जुळण्यास या लेखकांची हरकत नसते, क्वचित विवाहासही नसते; परंतु ते जोडपे संसार करून एकमेकांच्या सोबतीने वृद्ध झाले, असे चित्र सहसा आढळत नाही. त्याआधीच नायिका मृत्यू पावते, अथवा टाकली जाते. करुणरसाच्या आवडीपलीकडे या रूढीला काही ऐतिहासिक कारणे होती, असे आम्हांस वाटते. ती शोधण्यासाठी आम्ही कर्नल फिलिप मेडोज टेलर यांची १८७२ साली प्रसिद्ध झालेली ‘सीता’ ही कादंबरी निवडली आहे. टेलर यांचे आयुष्य बव्हंशी दक्षिणेत, त्यातही काही काळ मराठी मुलखात गेले असल्यामुळे आम्हां मराठी वाचकांस या विषयाचे अधिक अगत्य वाटावे.

प्रथम त्या काळाची पार्श्वभूमी पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हिंदी स्त्रियांशी घरोबा करणे ही नित्याची बाब होती. मुलांना बापाचे नाव मिळे, मृत्युपत्रांत त्यांच्या नावे तरतूद असे, काही घराण्यांनी तर सहकुटुंब चित्रेही काढवून घेतली. विल्यम पामर व त्यांची पत्नी बेगम फैज बख्श यांचे मुलांसह १७८५ च्या सुमारास काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. हेच पामर पुढे १७९८ ते १८०१ या काळात पेशव्यांच्या दरबारी पुण्यास रेसिडेंट होते. हैदराबादचे रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यांनीही त्याच सुमारास खैरुन्निसा या उच्चकुलीन मुसलमान मुलीशी विवाह केला.

मात्र वारा तेव्हाच फिरू लागला होता. हिंदी आईच्या मुलास कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घेऊ नये, असा निर्णय संचालक मंडळाने १७९१ साली केला. या निर्णयाने कोणाच्याही प्रेमावर बंदी घातली नाही. त्या प्रेमाच्या संततीला मात्र दार बंद केले. पामर व फैज बख्श यांचा पुत्र, त्याचेही नाव विल्यम, याने निजामाच्या फौजेत नोकरी धरली व पुढे हैदराबादेत मोठी पेढी काढली. ही पेढी निजाम सरकारला कर्ज देई. पुढे ती बुडाली व त्या प्रकरणाचा गवगवा कलकत्ता आणि लंडनपर्यंत झाला.

या पेढीवाल्या विल्यम पामरची कन्या मेरी हिच्याशी मेडोज टेलर यांचा १८३२ साली विवाह झाला. टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, ते मुंबईस एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करण्यास आले आणि त्याच वर्षी निजामाच्या नोकरीत शिरले. शोरापूरच्या अल्पवयीन राजाचा कारभार त्यांनी अनेक वर्षे पाहिला. तो राजा त्यांना ‘आप्पा’ म्हणत असे. १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्हा त्यांच्या हाती आला व १८५७ च्या धामधुमीत त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास धाडण्यात आले. १८६० साली ते निवृत्त झाले. ज्या गृहस्थाची पत्नी फैज बख्श बेगमेची नात होती, त्याने अशा विवाहावर लिहावे, यात नवल नाही. त्याने शेवट कसा केला, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

टेलर यांनी १६५७, १७५७ व १८५७ अशी शंभर वर्षांच्या अंतराची तीन साले धरून तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली ‘तारा’ (१८६३). अफजलखानाचा वध १६५९ चा, तो त्यांनी या हिशेबासाठी दोन वर्षे मागे ओढला, हे येथे नमूद केले पाहिजे. दुसरी ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि तिसरी ‘सीता’. ‘तारा’मध्ये तुळजापूरच्या शास्त्र्याची विधवा कन्या तारा हिला अफजलखानाचा पुत्र फाजल सती जाण्यापासून वाचवतो व अखेर दोघांचा विवाह होतो. ‘सीता’ची नायिकाही विधवाच, जातीने सोनार, विदुषी व मानी. तिच्या पतीचा दरोड्यात खून होतो. सिरिल ब्रँडन हा इंग्रज मॅजिस्ट्रेट तिच्या प्रेमात पडतो व तिच्याशी रीतसर लग्न करतो. इंग्रज वसाहतीतील काही मंडळी नाके मुरडतात, पण ग्रेस मॉस्टिन ही इंग्रज तरुणी सीतेची मैत्रीण होते. पुढे १८५७ चा वणवा पेटतो. ब्रँडनवर रोखलेला भाल्याचा घाव सीता स्वतःच्या अंगावर घेते व प्राण सोडते. यथाकाल ब्रँडन ग्रेसशी विवाह करून विलायतेस जातो.

या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की रूढीचे मर्म उघड होते. ब्राह्मण विधवा व मुसलमान सरदारपुत्र यांचा संसार टेलर मान्य करतात, कारण दोघेही या भूमीचेच राहणार. जेथे पती राज्यकर्त्यांच्या वंशाचा, तेथे मात्र पत्नीला मरावे लागते. ती जगती तर तिला इंग्लंडातील घरात कोणते स्थान द्यावयाचे, तिच्या पुत्रास कोणता वारसा मिळावयाचा, हे प्रश्न लेखकास सोडवावे लागले असते. भाल्याच्या एका घावाने ते सारे सुटले. टेलर यांस न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे, की १८५७ नंतरच्या कटू वातावरणात हिंदी नायिकेला प्रतिष्ठा, विद्या व विवाहितेचा मान देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

योगायोगाने १८७२ हेच वर्ष विशेष विवाहाच्या कायद्याचे. त्या वर्षीच्या तिसऱ्या कायद्याने नोंदणी विवाहाची सोय झाली. परंतु वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणताच धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. म्हणजे सीतेला सीता राहून, आणि ब्रँडनला ख्रिस्ती राहून, या कायद्याचा आश्रय घेता आला नसता. ही अट संपूर्णपणे जाण्यास १९५४ चा विशेष विवाह कायदा यावा लागला.

टेलर यांच्यानंतर ही रूढी अधिकच कठोर झाली. किपलिंग यांच्या १८९० च्या एका प्रसिद्ध कथेत होल्डन हा अधिकारी अमीरा या मुसलमान मुलीसह गुपचूप घर थाटतो. त्यांचे मूल दगावते, अमीराही पटकीने जाते आणि अखेर ते घरही जमीनदोस्त व्हावयाचे ठरते. मॉड डायव्हर या लेखिकेने ‘लीलामणी’ (१९११) मध्ये वेगळा मार्ग चोखाळला. रजपूत लीलामणी इंग्रज चित्रकाराची पत्नी होऊन इंग्लंडात नांदते. परंतु पुढील पिढीची कथा सांगताना तिच्या पुत्रासाठी लेखिका इंग्रज वधूच निवडते. एम. एम. के यांची ‘द फार पॅव्हिलियन्स’ तर १९७८ ची. राज्य जाऊन तीस वर्षे लोटली होती. त्यात अ‍ॅश व अंजुली दोघेही जिवंत राहतात. तरी अंजुलीच्या अंगी आईकडून युरोपीय रक्ताचा अंश ठेवलेला आहेच, आणि अखेरीस दोघांना दोन्ही समाजांकडे पाठ फिरवून पर्वतांची वाट धरावी लागते. नायिकेला आयुष्य मिळाले, शेजार मात्र मिळाला नाही.

कादंबरीकाराने जे शक्य मानले नाही, ते जीवनात मात्र घडत होते, याची साक्ष टेलर यांच्याच घरात सापडते. १८७६ साली ते निवर्तले. दुसऱ्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, ते त्यांच्या कन्येने संपादिले होते. त्या कन्येची पणजी म्हणजे बेगम फैज बख्श. कथेतील सीतेचा वंश टेलर यांनी वाढू दिला नाही. आणि त्यांची स्वतःची जीवनकथा जगापुढे ठेवली ती मात्र अशाच एका विवाहाच्या चौथ्या पिढीने.

आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस हा इतिहास परका वाटू नये. गोरे राज्यकर्ते व अंकित प्रजा यांच्यातील अंतर आणि आपल्या प्रांताप्रांतांतील अंतर यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि परप्रांती वाढलेल्या आमच्या मुलामुलींनी अन्यभाषी जोडीदार निवडले, की ‘हे टिकेल काय?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या ओठी येतोच. असे संसार टिकण्यास प्रेमाइतकीच कायद्याची मान्यता व शेजाऱ्यांचा शेजार यांचीही गरज असते, असे हा इतिहास सांगतो. पैकी कायद्याने आपले काम १९५४ मध्ये केले. दुसऱ्या गोष्टीसाठी कोणा सरकारकडे अर्ज करावा लागत नाही. ती गणेशोत्सवाच्या पंगतीत नव्या सुनेला वा जावयाला आपल्या शेजारचे पान वाढून कोणालाही साधता येते.